वांगी उलटायचं गाणं

“कुणाचं मांजर अडकलंय गं दारात?” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

“मी आहे. गिटार लावतेय.”

“असं होय! मी बशीत दूध ओतत होते.”

पुढच्या खोलीतल्या दिवाणावर मी नानांची गिटार मांडीवर घेऊन बसले होते. लग्नाआधी कधीतरी खाली ठेवलेली गिटार वीसेक वर्षांनी पुन्हा हातात आली होती. मधल्या काळात तिचं-माझं काही बिनसलं नव्हतं. काही गोष्टी माणूस सोडतो आणि काही नुसत्या सुटतात. गिटार सुटली होती. पुण्यातलं घर, कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी, मुलीच्या शाळेचे डबे, यात तिच्यासाठी कोपरा कधी रिकामा झालाच नाही. भुसावळला आईकडे आले की नाना वाजवायचे आणि मी ऐकायचे. तेवढ्यावर आमचं भागत होतं.

नव्या तारा मी पुण्याहून आणल्या होत्या. खुंट्या मात्र जुन्याच. प्रत्येक पिळाला त्या अशा कण्हत होत्या की आईचं मांजर अगदीच खोटं नव्हतं.

“आई, एक सा दे ना.”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“मी गाणं सोडलंय.”

“सा म्हणजे गाणं नाही. नुसता एक सूर.”

“आज सा मागशील, उद्या रे मागशील. मला माहितीय तुझं.”

नाना नेहमी आईच्या आवाजावरून गिटार लावायचे. आई पोळ्या लाटत असली तरी तिथूनच एक लांब सा सोडायची, नाना खुंटी पिळत त्याच्यामागे जायचे, आणि गाठ पडली की “हां, सापडला,” म्हणायचे, जणू सा मघाशी खाटेखाली गेला होता. मी शेवटी मोबाइलवरून गिटार लावली. मोबाइलने प्रत्येक तारेला हिरवा दिवा दाखवला. सगळं बरोबर होतं आणि घर मात्र तसंच गप्प होतं.

नाना गेले त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. ते रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. क्वार्टरमध्ये शेजारी डग्लस नावाचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे, त्यांच्याकडून नाना गिटार शिकले. शिकले म्हणजे, डग्लससाहेब ड्यूटीवरून येऊन व्हरांड्यात वाजवत बसायचे आणि नाना भिंतीपलीकडून त्यांची बोटं बघायचे. पुढे साहेब परदेशी गेले, जाताना गिटार नानांना देऊन गेले. त्यामुळे नानांना साहेब वाजवायचे तेवढ्याच कॉर्ड येत होत्या, आणि साहेब ज्या महिन्यात बोट कापून घेऊन बसले होते त्या महिन्यातल्या कॉर्ड नाना एक बोट वर धरूनच वाजवायचे.

नाना वाजवणार आणि आई गाणार, हा आमच्या घरचा आवाज होता. त्यातला एक गेला. दुसरा आईने तेराव्याच्या दिवशी स्वतःच्या हाताने बंद केला.

आमच्या घराण्यात अशी चाल आहे की माणूस गेलं की तेराव्याला जवळच्या माणसांनी त्याच्या नावाने एक गोष्ट सोडायची. नियम असा की ती आपल्या आवडीची हवी. लोक सोडतात ते बहुतेक गिलकं, म्हणजे घोसाळं. डिगूकाका, म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, आजोबा गेले तेव्हा गिलकं सोडून मोकळे झाले होते, आणि गिलकं त्यांनी जन्मात कधी ताटात घेतलं नव्हतं. नानांच्या वेळी गुरुजींनी आईला विचारलं, “काय सोडता, वहिनी?”

“गाणं,” आई म्हणाली.

गुरुजींच्या हातातली पळी थांबली. “तसं… शास्त्रात फळ किंवा भाजी येते.”

“वहिनी, गाणं कुठं सोडतात का?” डिगूकाका मागून म्हणाले. “गिलकं सोडा, दोडकं सोडा. दोडक्याला कोणी विचारत नाही.”

“सोडलं म्हणजे सोडलं, भाऊजी,” आई म्हणाली आणि तळहातावरून पाणी सोडून दिलं.

डिगूकाकांच्या सिंधूकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. सगळ्या नात्यात ही गोष्ट पसरली. प्रमिलाताईंनी नवऱ्याच्या नावाने गाणं सोडलं! यावल-रावेरच्या बायका आईला भेटायला आल्या की आवाज उतरवून बोलायच्या. आई त्यांना चहा द्यायची आणि नुसती ऐकून घ्यायची.

मला मात्र ते गाणं परत हवं होतं. नाना परत येणार नव्हते, ते मला कळत होतं; पण आई तर होती, तिचा गळा होता, तीच गाणी होती. अर्धं घर तिने जिवंतपणी का मिटून घ्यावं? वाद घालून आई बधत नाही, हे मी लहानपणीच शिकले होते. म्हणून गिटार. आमिष म्हणून.

मुहूर्त, मी पुण्यात असतानाच, डिगूकाकांच्या फोनने मिळाला होता.

“वैजू, सुट्टी टाक. भरिताची पार्टी करून राह्यलो. वर्ष झालं, आता करायला हरकत नाही.”

“करा की, काका.”

“करा की काय? माझी वांगी जळून राह्यली!”

हे कळायला आमचं भरीत कळलं पाहिजे. हिवाळ्यात बामणोदच्या काकांच्या शेतात सगळं घर जमतं. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करून त्यावर भरिताची मोठी हिरवट पांढरी वांगी भाजायची, सालं काढायची, लाकडी बडगीत ठेचायची. भाजण्याचा मान डिगूकाकांचा. आणि काकांना वेळेचं भान आईच्या गाण्यावरून यायचं. पहिलं गाणं जाळ लावायचं. दुसरं उलटायचं: दुसरा अंतरा संपून धृपद परत आलं की काका सगळी वांगी फिरवायचे. तिसरं काढायचं. इतक्या वर्षांत त्यांनी गाण्यांचे शब्द कधी ऐकले नव्हते. चांदण्याचं भावगीत असो की विरहाचं, त्यांच्या लेखी ते उलटायचं गाणं होतं.

“दिवाळीत थोडी भाजून पाह्यली,” काका फोनवर सांगत होते. “मोबाइलवर तेच गाणं लावलं. उलटायच्या टायमाला बरोब्बर जाहिरात आली. एक बाई मला गुडघ्याचं तेल विकून राह्यली अन् इकडं वांग्यांचा कोळसा.”

“घड्याळ लावा ना.”

“घड्याळावर रेल्वे चालते, वांगी नाही. तू गिटार काढ. तुझी गिटार ऐकली की वहिनी आपोआप गातील. बरं का?”

म्हणजे काकांचा आणि माझा डाव एकच होता. फक्त त्यांना वांगी वाचवायची होती.

बोटांनी पहिल्याच दिवशी बंड केलं. डाव्या हाताच्या बोटांची टोकं ग्रंथालयात पुस्तकांची पानं उलटून उलटून मऊ झाली होती. तारेवर दाबली की जांभळी रेघ उठायची. नानांची गिटारही तशी उदार नव्हती. तारा लाकडापासून इतक्या उंच की मधून मुंगळा मान वर करून गेला असता. कॉर्डपैकी जी जमायचा. सी कसाबसा. एफला मी हात लावायचे आणि एफ मला हात लावू द्यायचा नाही.

“बरणीचं झाकण उघडतेस का?” आई दारातून म्हणायची. “तोंड कशाला वाकडं करायला लागतं?”

“दुखतंय.”

“नाना गरम पाण्यात मीठ टाकून बोटं बुडवायचे.”

“त्याने बरं वाटायचं?”

“नाही. पण बुडवायचे.”

मग ती खरंच मिठाचं पाणी घेऊन यायची.

दोनतीन दिवसांत उलटायच्या गाण्याचा सांगाडा जमला. तेव्हा मी डाव टाकला. अंतऱ्याला जिथे डी हवा तिथे मुद्दाम भलतंच काहीतरी वाजवायला लागले. आईचा कान मला माहीत होता. चुकीचा सूर तिला भातातल्या खड्यासारखा लागतो. तिला राहवणार नाही, ती बरोबर ओळ गुणगुणून दाखवेल, आणि एकदा गुणगुणली की झालं.

पहिल्यांदा आतून काही आलं नाही. मी परत तेच वाजवलं. तिसऱ्यांदा उलथन्याचा तव्यावर एक ठोका पडला. बरोबर त्या जागी.

मी चौथ्यांदा चुकले.

आई हात पुसत बाहेर आली. “वैजे, मुद्दाम चुकतेस.”

“नाही गं.”

“मुद्दाम चुकणारं माणूस चुकायच्या आधी दाराकडे बघतं. नाना आपोआप चुकायचे. त्यांचं तोंड किती निष्पाप असायचं.”

“मग बरोबर कसं आहे ते म्हणून दाखव.”

“डी,” आई म्हणाली. “आपला डी, तिसऱ्या बोटाचा. म्हणायला कशाला लागतं?”

मी चाट पडले. “तुला कॉर्ड कळतात?”

“इतकी वर्षं समोर बसून मी काय त्यांचं तोंड बघत होते?” एवढं बोलून ती आत गेली, आणि थोड्या वेळाने तिथून फोडणीचा ठसका आला. तो मला उत्तरासारखाच वाटला.

एका दुपारी मात्र काहीतरी निराळं झालं. आई डाळ निवडत बसली होती, मी तिच्याकडे न बघता वाजवत होते. दुखणं कुठल्या तरी क्षणी मागे पडलं. उजवा हात आपल्या आपण वरखाली व्हायला लागला, ‘जी’वरून ‘डी’वर बोटं न विचारता गेली, आणि मला एकदम आठवलं की मला हे आवडत होतं. काकांची वांगी, आईचं व्रत, सगळं विसरून मी वाजवत राहिले. तिन्ही गाणी झाली, मग ज्यांना गाण्यांचं नावही देता येणार नाही अशा नुसत्या तारा झाल्या. खिडकीतून ऊन दिवाणावरून जमिनीवर उतरलं होतं.

मान वर केली तर आई दारात उभी होती. ताट हातात, डाळ तशीच. ती बहुधा बराच वेळ तिथे होती. तिचे ओठ किंचित उघडे होते.

मला वाटलं, आता. आता गाईल.

मी बघतेय हे लक्षात येताच ती वळली. “दूध उतू जाईल,” म्हणाली. गॅसवर दूध नव्हतं.

मी रात्री जेवताना काकांना निरोप पाठवला, “होईल असं वाटतंय.” काकांचं उत्तर आलं, “मग वांगी जास्त काढतो.”

पार्टीच्या दिवशी सकाळी आम्ही शेतावर पोहोचलो तेव्हा काका जाळाची जागा साफ करत होते. केळीच्या बागेला लागून थोडी मोकळी जागा आहे, तिथे सतरंज्या घातल्या होत्या. चुलत भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, सगळे होते. सिंधूकाकूंनी मिरच्या आणि लसणाचा ढीग पुढ्यात घेतला होता. मला बघून त्यांनी गिटारकडे मानेने खूण केली आणि आईचं लक्ष नसताना हात जोडले, देवळात जोडावेत तसे.

नानांची जागा आंब्याखाली होती. खुर्ची तिथे कोणी मांडली ते मला माहीत नाही. मी तिच्यावर बसले. शेजारच्या खुर्चीवर नेहमी आई बसायची. आई त्या खुर्चीकडे न जाता काकूंजवळ सतरंजीवर बसली आणि कांद्याची पात चिरायला घेतली.

“जाळ लावायचं गाणं घे गं!” काका ओरडले.

मी पहिलं गाणं सुरू केलं. गिटार लावलेली होती, बोटांना आता जाड कातडी आली होती, जाळही धरला. पोरं नाचली. सगळं ठीक चाललं होतं. मग काकांनी वांगी रचली आणि मी उलटायचं गाणं घेतलं.

तिथे घोळ झाला. शब्दांशिवाय ते गाणं म्हणजे पाट्या नसलेली स्टेशनं. धृपद आणि अंतरा मला एकसारखेच ऐकू यायला लागले. काकांना तर काहीच कळेना. ते चिमटा घेऊन जाळापुढे उभे होते आणि माझ्याकडे मान वाकडी करून बघत होते.

“कुठंपर्यंत आलं?”

“पहिला अंतरा… नाही, थांबा, दुसरा.”

“नक्की सांग बापा! खालून वास सुटून राह्यला.”

“धृपद येतंय.”

“आलं का येतंय?”

सगळे हसायला लागले. आणि मग हसता हसता सगळ्यांची तोंडं एकेक करून आईकडे वळली. मी थांबले. काकूंनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ताई, एवढ्यापुरतं म्हणा. दोन ओळी. देव काही रागावायचा नाही.”

“दादाला बरं वाटेल, वहिनी,” काका म्हणाले.

आई पात चिरत होती.

“असं करा,” काकांना एकदम सुचलं. “मी गिलकं सोडलंय ना? मी आज तुमच्या समोर गिलकं खातो. तुम्ही गा. माझं व्रत मोडलं, तुमचं मोडलं. फिट्टंफाट.”

“काय सांगता!” काकू म्हणाल्या. “मागच्या महिन्यात माझ्या माहेरी काय खाल्लं होतं? भजी म्हणून वाटीभर हाणली.”

“ती गिलक्याची होती?”

“मग काय सोन्याची होती?”

हशा पिकला. मी आईकडे बघत होते. तीही हसत होती. मला धीर आला आणि मी जे इतके दिवस बोलले नव्हते ते बोलले.

“आई, नाना गेले. तुझं गाणंपण का जावं? मला घरी आलं की दोन्ही लागतं गं. एक तरी दे.”

तिने विळी बाजूला सरकवली. हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते कसं आवरावं हे तिला कळत नसल्यासारखं दिसत होतं.

“मला गायला आवडत नाही,” आई म्हणाली.

वांग्यातून सूं सूं करून वाफ निघत होती.

“म्हणजे आता आवडत नाही?” मी विचारलं.

“कधीच नाही आवडलं.”

“वहिनी!” काका म्हणाले.

“शाळेत प्रार्थनेला उभं करायचे तेव्हापासून नाही. लग्नाच्या वर्षी इथेच आलो होतो आपण. मामंजी बसले होते तिथे, त्या विहिरीजवळ. यांनी गिटार चादरीत गुंडाळून आणली होती, आणि केळीच्या आड घेऊन बसले. बाहेर यायला तयार नाहीत. मामंजी म्हणणार, साहेबांची थेरं. मला म्हणाले, तू गा, तू गायलीस की लोक तुझ्याकडे बघतील, माझं आपलं मागे चालू राहील. नवी नवरी, नाही कसं म्हणणार? गायले. सगळे म्हणाले, वा, सून काय गाते! झालं. पुढच्या वर्षी खुर्चीच मांडली.”

“आणि तू इतकी वर्षं…”

“तुम्ही सगळे गरम गरम जेवायचे. तिसरं गाणं होऊन मी पानावर येईपर्यंत भरीत गारढोण व्हायचं.”

काकांच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं. चिमटा त्यांनी छातीशी धरला.

“म्हणजे वहिनी,” ते म्हणाले, “तेराव्याला, गुरुजींसमोर… तुम्हीपण गिलकंच सोडलं!”

आई पदरात तोंड घालून हसायला लागली. काकू आधी आ वासून बसल्या, मग त्यांनी आईच्या पाठीत एक धपाटा घातला. “अन् मी रडले हो तुमच्यापायी! अख्ख्या सावद्यात सांगत फिरले!” पोरांना काही कळलं नव्हतं तरी ती उड्या मारत होती. काकांना वांगी आठवली, ते जाळाकडे धावले, आणि कुठल्याही गाण्याशिवाय, नुसती बोटाने दाबून दाबून त्यांनी सगळी वांगी उलटली.

मला हसता येत नव्हतं. मी गिटार मांडीवर घेऊन तशीच बसले होते. वर्षभर ज्याच्यासाठी मी झुरले, ते आईला कधी नकोच होतं. मी उठून तिच्याजवळ सतरंजीवर जाऊन बसले.

“नानांना सांगायचं होतंस.”

“कसं सांगणार? त्यांना वाजवायची एवढी हौस आणि एकट्याने वाजवायची लाज. शेडमध्ये इंजिनाच्या पोटात शिरणारा माणूस, पण चार माणसांत गिटार म्हटलं की घाम फुटायचा. मी थांबले असते की ते थांबले असते.” तिने पातीचा एक हिरवा तुकडा माझ्या साडीवरून झटकला. “आणि ते थांबायला मला नको होतं.”

“का?”

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अगदीच बाळबोध विचारलं होतं.

“मला आवडायचं त्यांचं वाजवणं. त्याच्यासाठीच तर गायचे. पण वैजू, गाताना ऐकूच यायचं नाही गं नीट. शब्द आठवा, श्वास सांभाळा, भाऊजींच्या वांग्यांकडे बघा. मागे ते काय वाजवतायत ते निम्मं जायचं. मी मनात म्हणायचे, एकदा नुसतं बसून ऐकू. रिटायर झाल्यावर ऐकू.” ती थांबली. “मग राहिलंच.”

मी तिचा हात धरला. कांद्याच्या पातीचा वास येत होता.

भरीत झालं. केळीच्या पानांवर वाढलं गेलं, बाजूला पुरी, कळण्याची भाकरी, मुळा. काकांनी पहिलं पान आईपुढे ठेवलं. वाफ निघत होती.

“ताई, बसा आता गरम गरम खायला,” काकू म्हणाल्या.

आई पानावर बसली. मीही पान ओढून घेतलं.

“तू कुठे बसतेस?” आई म्हणाली. “तू वाजव.”

“मी? एकटी?”

“मग काय बँड बोलावू?”

“आई, कोणीतरी गायला हवं. माझ्या चुका केवढ्या ऐकू येतील!”

“येऊ देत.”

मी गिटार उचलली. सगळे पानांवर बसले होते, सगळ्यांचे हात पुरीवर थांबले होते, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मला घाम फुटला. नानांकडून डोळे आले, नाक आलं, हेही आलंय हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. लपायला केळीची बाग तिथून दहा पावलांवरच होती.

काकांना माझी दया आली असावी. त्यांनी घसा खाकरला आणि आधाराला म्हणून एक भसाडा सूर लावला.

“भाऊजी,” आई म्हणाली, “तोंडात घास घ्या.”

काकांनी घास घेतला.

मी सुरू केलं. कुठलं गाणं ते ठरवलं नव्हतं. जी धरला, मग सी, मग त्या दुपारी सापडली होती ती वाट आठवेल तशी. आई जेवत होती. एक घास घ्यायची, चावायची, आणि चावता चावता मान जरा माझ्या बाजूला कलती ठेवायची. चौथ्या-पाचव्या फेरीला एफ आला. बोट घसरलं, तार नुसतीच खरखरली, आणि ती खरखर सतरंजीच्या टोकापर्यंत, जाळापर्यंत, विहिरीपर्यंत सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेली. झाकायला कोणी नव्हतं. माझा हात तारांवर आडवा पडला.

“थांबू नको,” आई म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.